म्हादई : एका डोंगरावरचं पाणी, दोन समुद्र

खानापूर तालुक्याच्या जंगलात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. नावं दोन, नदी एकच. तिचं पाणलोट क्षेत्र २०३२ चौरस किलोमीटर आहे. त्यातलं १५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात आणि ७७ महाराष्ट्रात येतं.

कणकुंबीचा माथा

पाणीवाटपाचा वाद समजायचा तर आधी कणकुंबीचा भूगोल बघावा लागतो. मलप्रभा इथंच उगम पावते आणि पूर्वेकडं वळते. सौंदत्तीजवळच्या नविलतीर्थ धरणातून पुढं जाऊन ती कूडलसंगमला कृष्णेत मिसळते. तिचं पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जातं. याच परिसरातला कळसा नाला मात्र पश्चिमेला उतरून म्हादईला मिळतो. पाऊस एकाच डोंगरावर पडतो, पण कुठल्या उतारावर पडला यावर त्याचा समुद्र ठरतो.

दोन्ही खोरी इतकी जवळ असल्यामुळंच कळसा आणि भांडुरा नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवायची योजना पुढं आली. हुबळी-धारवाड भागाला पिण्याचं पाणी हवं, ही कर्नाटकाची मागणी.

गोव्यातली नदी

घाट उतरल्यावर नदी सत्तरीत येते. पुढं तिला खांडेपार, वाळवंटी या नद्या मिळतात. दूधसागर धबधबा खांडेपारच्याच वरच्या अंगाला आहे. चोडण, दिवाडी बेटांजवळ भरतीचं खारं पाणी आत शिरतं. तिथल्या खाजन शेतीत बांध आणि मानशी लावून ते अडवतात. वरून येणारं गोडं पाणी घटलं तर खारं पाणी आणखी वर सरकेल, ही गोव्याची भीती.

लवादाचा निवाडा

१४ ऑगस्ट २०१८ ला लवादानं गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिलं. कर्नाटकाच्या वाट्यातलं ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी आहे. मलप्रभेत वळवायला ३.९० टीएमसी मिळालं : कळशातून १.७२, भांडुऱ्यातून २.१८. निवाड्याला तिन्ही राज्यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं.

जंगल टिकलं तर

इथला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. उरलेले आठ महिने नदी वाहते ती जंगलानं मुरवलेल्या पाण्याच्या झऱ्यांवर. भीमगड आणि म्हादई ही दोन अभयारण्यं याच खोऱ्यात आहेत. वाटा कुणालाही किती मिळो, तो यायचा याच रानातून.