सी-प्रतिक्रियाशील प्रथिन
फुप्फुसशोथाच्या रुग्णांच्या रक्तरसातील या प्रथिनाचा शोध न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट व टॉमस फ्रान्सिस यांनी १९३० मध्ये लावला. ते यकृतात तयार होते. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर जखमेमुळेच त्याचे प्रमाण वाढते व सु. तीन दिवसांनी उतरू लागते. आतड्याच्या जोडातून गळती होऊन उदरात जंतुसंसर्ग झाल्यास मात्र ते चढेच राहते. ही गळती उशिरा लक्षात आल्यास प्राणघातक ठरू शकते. २०१४ मधील एका एकत्रित विश्लेषणात तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या दिवसांकरिता दर लिटरला अनुक्रमे १७२, १२४ व १४४ मिग्रॅ. या मर्यादा आढळल्या. प्रमाण त्यांहून कमी असल्यास गळती बहुधा नसते. अधिक असल्यास ती सिद्ध होत नाही, परंतु पुढील तपासणी आवश्यक ठरते.