चौघांचे गुण

एप्रिल २००१. तू फ्लोरिडात, डिस्नेच्या एपकॉटमध्ये आहेस. फर्स्ट रोबोटिक्सची राष्ट्रीय स्पर्धा सुरू आहे, हाताला ग्रीसचा वास येतोय. १९९९ला इथे पहिल्यांदा दोन-दोन संघांच्या युत्या झाल्या, तेव्हा समोर दुसरी युती असायची. यंदा समोर कोणीच नाही. चारही संघ एकाच बाजूला, आणि मिळतील ते गुण चौघांचे.

पुढच्या फेरीतले सोबती कळतात आणि तुझा चेहरा पडतो. त्यातल्या एकाचा रोबोट सकाळी मैदानाच्या मधोमध बंद पडला होता. चेंडू उचलणारा हात तर त्यांनी काढूनच ठेवलाय.

"त्यांना कोपऱ्यात उभं राहायला सांगू," तुझा ड्रायव्हर म्हणतो.

सांगू नकोस. त्या पोरांनीही तुझ्यासारखेच सहा आठवडे खपून हे यंत्र उभं केलंय. एवढ्या लांब आलेल्या संघाला 'हलू नका' म्हणणं हा अपमान आहे, मग त्याला डावपेच म्हणा की आणखी काही.

त्यांच्याकडे जा. "तुमचा रोबोट काय काय करतो?" असं विचारलंस, तर संकोचाने सगळंच येतं म्हणतील. "आज हमखास काय जमतंय?" असं विचार.

"सरळ जातो, मागे येतो," त्यांची ड्रायव्हर सांगते. "वळताना साखळी उतरते."

खाली वाकून बघ. साखळी ढिली आहे, दातेरी चाकं एका रेषेत नाहीत. तुझा पाना काढ. तिच्याच हातात दे, यंत्र तिचं आहे.

आता कागद पसर. मैदान आडव्या कठड्याने दुभागलेलं, मध्ये झुलता पूल. चेंडू टाकायचे दोन गोल चाकांवर आहेत; ते दोन्ही पुलावर नेऊन तोल साधला तर गुण वाढतात. फेरीची दोन मिनिटं संपण्याआधी खेळ थांबवला तर आणखी पटीत. म्हणून सगळे घाई करतात आणि पुलाशी एकमेकांत अडकतात. सरळ जाणाऱ्या, जवळजवळ ५९ किलोंच्या यंत्राला इथे नेमकं काम आहे: गोल ढकलत पुलाच्या तोंडाशी आणायचा आणि लगेच मागे सरून वाट मोकळी करायची. चढवणं तुमच्याकडे.

ती कागदाकडे बघत राहते. "आम्ही पोचलो तेव्हा पूल पलीकडे कललेला असला तर?"

हे तुमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलेलं नाही. उरलेल्या दोन्ही संघांना बोलावून घे. पूल आधी कोणी खाली आणायचा, ते ठरवायचंय.