रिकाम्या पुंगळीतली टोपी

मंडळी, दिवाळीत पोरं टिकल्या वाजवतात ते तुम्ही पाहिलंच आहे. टिकली दगडावर ठेवायची, वरून दुसरा दगड हाणायचा, की फट्कन आवाज. विस्तव नाही, काडी नाही. नुसत्या ठोक्यानं पेट घेणारं ते द्रव्य. बंदुकीच्या काडतुसाच्या बुडाशी अशीच एक टिकली बसवलेली असते. मसुरीच्या दाण्याएवढी धातूची वाटी आणि तिच्यात चिमूटभर मसाला. तिला टोपी म्हणतात. बार उडाला की टोपी जळते, दारू जळते, गोळी निघून जाते. मागे राहते पितळेची पुंगळी आणि तिच्या बुडात रुतून बसलेली ती जळकी टोपी. आज सांगायचे आहे ते ही टोपी बाहेर काढण्याविषयी. तुम्ही म्हणाल, यात कसला आला इतिहास? पण आहे खरा.

जुन्या तोड्याच्या बंदुकीत कानावर रंजक घालून तिला पेटता तोडा लावावा लागे. पाऊस आला की रंजक भिजली आणि बंदुकीची काठी झाली. पुढे गारेची बंदूक आली, पण तिचाही आधी कानावर भडका, मग बार. अलेक्झांडर फोर्सिथ नावाचा एक स्कॉटिश पाद्री शिकारीचा नादी होता. भडका दिसला की पाणपक्षी उडून जातात, ही त्याची तक्रार. त्यानं ठोक्यानं पेटणारा मसाला बंदुकीला जोडला आणि १८०७ साली त्याचे पेटंट घेतले. तांब्याची टोपी त्यानंतर काही वर्षांनी आली.

शिक्षक मंडळी मुलांना १८५७ च्या काडतुसांची हकिगत सांगतात. ती काडतुसे कागदाची होती. दाताने फाडून दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची आणि टोपी वेगळी, बंदुकीच्या बोंडीवर बसवायची. टोपी, दारू आणि गोळी अशी तिन्ही एकाच धातूच्या पुंगळीत ब्रिटिश फौजेच्या हाती आली ती त्यानंतर दहाएक वर्षांनी. आपल्या पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला तो १८६९ साली, म्हणजे याच नव्या काडतुसाच्या काळात.

टोपीला ठोका मिळून भागत नाही. खाली ऐरण लागते. घोड्याचा ठोका वरून, ऐरण खालून, मध्ये मसाला चिरडतो आणि ठिणगी छिद्रातून दारूत शिरते. ही ऐरण कुठे ठेवायची? १८६६ साली या प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली. इंग्लंडच्या वुलिच येथील शस्त्रशाळेतल्या एडवर्ड बॉक्सरने ऐरण टोपीच्या आतच बसवली आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र ठेवले. अमेरिकेच्या हायरम बर्डनने ऐरण पुंगळीच्या बुडातच घडवली. मग मधली जागा अडली, म्हणून ऐरणीच्या दोन बाजूंना दोन बारीक छिद्रे पाडली. गंमत अशी की, इंग्रजाची युक्ती पुढे अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपने!

आता जळकी टोपी काढून बघा. बॉक्सरच्या पुंगळीत तोंडाकडून एक सळई घाला, छिद्रातून टोपीवर टेकवा, हलकासा ठोका द्या. टोपी टुपकन खाली. बर्डनच्या पुंगळीत तीच सळई ऐरणीवर आपटते. तिथे बाहेरून चांभाराच्या आरीसारखे टोकदार हत्यार टोपीत खुपसून ती उचकटावी लागते. नाहीतर पुंगळीत पाणी भरून घट्ट बसणारा दांडा ठोकायचा, म्हणजे पाण्याच्या दाबाने टोपी निघते. चार पुंगळ्यांपुरते ठीक, चारशेंना कोण करणार?

पितळ मोठे गुणी. बाराच्या वेळी फुगून नळीला चिकटते आणि लगेच आकसते, म्हणून तीच पुंगळी पुन्हा पुन्हा भरता येते. १८७० नंतर अमेरिकेच्या माळरानांवर बायसन मारणारे कातडेवाले शिकारी गेले. दुकान शेकडो मैल दूर, तयार काडतूस महाग. त्यांनी दारूची पिंपे आणि शिशाच्या लगडी गाड्यांत घातल्या. दिवसा शिकार, रात्री शेकोटीशी बसून जळक्या टोप्या काढायच्या, नव्या ठोकायच्या, दारू भरायची, गोळी बसवायची. १८८४ पासून न्यू हेवनच्या जॉन बार्लोच्या कारखान्यातून यासाठी सांडशीसारखे हत्यारही विकले जाऊ लागले. पण तोवर माळ ओस पडले होते. कोट्यवधी होते ते प्राणी. १८८९ साली विल्यम हॉर्नडेने मोजदाद मांडली, ती हजाराच्या थोडी वर भरली. कोमांची, कायोवा, शायेन, लाकोटा या लोकांचे अन्न, वस्त्र आणि तंबूचे कातडे त्याच प्राण्याचे. रेल्वे, कातड्याचा बाजार, सरकारचे धोरण ही मोठी कारणे खरीच. पण शेकोटीशी निघणारी ती टोपीही त्यात होती, हे विसरून कसे चालेल?

जळक्या टोपीने पुढेही त्रास दिला. जुन्या मसाल्यात पारा असे. काळ्या दारूच्या काजळीबरोबर तो बराचसा निघून जाई. बिनधुराची दारू आल्यावर मात्र पारा पितळात भिनू लागला, पुंगळ्या ठिसूळ होऊन चिरू लागल्या. पारा काढला, तर नव्या मसाल्याच्या क्षाराने नळ्या गंजल्या. शिपाई बिचारे गरम पाण्याने नळ्या धूत बसले. १९२० नंतरच्या दशकात तोही दोष गेला, पण आता मसाल्यात शिसे आले. टोपी काढताना जी करडी भुकटी सांडते, तिच्यात हे शिसे असते. हाताला, कपड्याला लागून ते घरात येते आणि लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून परदेशांत हा उद्योग घरी करणारे जाणते लोक स्वयंपाकघराजवळ तो करीत नाहीत आणि हात धुतल्याशिवाय घास घेत नाहीत. न उडालेली टोपी तर ठोकून काढायचीच नाही. ती हातातच उडेल. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने काडतूस बनवायला परवाना लागतो, तेव्हा घरी करून पाहण्याचा प्रश्नच नाही.

पाहायला मात्र हरकत नाही. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक वर्षे थ्री नॉट थ्री रायफल होती. ब्रिटिश फौजेने तिच्या काडतुसाला बर्डनचीच रीत लावली होती. एखाद्या संग्रहालयात तशी रिकामी पुंगळी हाती आलीच, तर तोंड उजेडाकडे करून आत डोकवा. बुडाशी मध्ये एक उंचवटा दिसेल, आणि त्याच्या दोन बाजूंना सुईच्या टोकाएवढी दोन छिद्रे.