पहिल्या राष्ट्रपतींची बारा वर्षे

प्रभासपट्टण येथील सोमनाथाच्या नव्या मंदिरात ज्योतिर्लिंगाची प्रतिष्ठा झाली तो दिवस शके १८७३ च्या वैशाख शुद्ध पंचमीचा, म्हणजे ११ मे १९५१ चा होय. गझनीच्या महमुदाने १०२६ मध्ये ज्या स्थानाचा विध्वंस केला, जे त्यानंतरही अनेकदा उभारले गेले आणि अनेकदा पाडले गेले, त्याच स्थानी त्या सकाळी वेदघोष चालू होता. यजमानपदाच्या जागी भारताचे राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद होते. धर्मविधींचे पौरोहित्य वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांजकडे होते, ही गोष्ट मराठी भाविकांस विशेष समाधान देणारी आहे. मराठी माणसाचा ह्या क्षेत्राशी संबंध त्याहूनही जुना. मूळ मंदिर भग्नावस्थेत असता इंदूरच्या पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी १७८३ मध्ये जवळच दुसरे देवालय बांधून पूजा अखंड ठेवली होती. पडलेल्या देवळाच्या शेजारी देव जागता ठेवावयाचा, हा मार्ग गोमंतकीयांस नवा वाटणार नाही. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, ती ह्याच श्रद्धेच्या बळावर.

ह्या समारंभास राष्ट्रपतींनी जावे की नाही, ह्याविषयी दिल्लीत मोठा मतभेद झाला होता. सरदार वल्लभभाई पटेल यांनी १९४७ च्या नोव्हेंबरात सोमनाथाच्या तीरावर जीर्णोद्धाराचा संकल्प केला. गांधीजींनी त्यास संमती देताना द्रव्य सरकारी तिजोरीतून न घेता लोकांकडून जमवावे, असे सांगितले, आणि त्याप्रमाणे विश्वस्त मंडळ स्थापन होऊन देणग्यांतून कार्य उभे राहिले. पटेल १५ डिसेंबर १९५० रोजी निवर्तले, व पुढील भार कन्हैयालाल मुनशी यांनी वाहिला. मुनशींचे निमंत्रण राष्ट्रपतींनी स्वीकारले तेव्हा पंतप्रधान पंडित नेहरूंस ते रुचले नाही. निधर्मी राज्याच्या प्रमुखाने अशा धार्मिक समारंभात अग्रभागी असू नये, त्याचा विपरीत अर्थ घेतला जाईल, अशी त्यांची भूमिका होती, आणि सरकारचा ह्या कार्याशी संबंध नाही असे त्यांनी मुख्यमंत्र्यांस कळविले. मशिदीचे अथवा ख्रिस्तमंदिराचे बोलावणे आले असते तरी आपण असेच गेलो असतो, असे राष्ट्रपतींचे उत्तर होते. ते गेले. नेहरूंची शंका क्षुद्र बुद्धीची नव्हती. फाळणीच्या जखमा तेव्हा ओल्या होत्या. पण राजेंद्रबाबूंच्या दृष्टीने राज्याची निधर्मिता म्हणजे राज्यप्रमुखाने आपल्या देवाकडे पाठ फिरविणे नव्हे, आणि त्यांचे उत्तर पुढील आयुष्यभराच्या वर्तनाशी जुळणारे होते, हे मान्य केले पाहिजे.

असा हा पुरुष होता तरी कोण? बिहारातील सारण जिल्ह्याच्या जिरादेई गावी ३ डिसेंबर १८८४ रोजी त्यांचा जन्म झाला. कलकत्ता विश्वविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत ते पहिले आले, वकिलीत त्यांनी नाव मिळविले, आणि १९१७ मध्ये चंपारणात गांधीजींच्या सहवासात आल्यावर त्या वकिलीचा मोह सुटला. १९३४ च्या जानेवारीतील भीषण भूकंपानंतर बिहारात त्यांनी केलेले साहाय्यकार्य सर्व देशाने पाहिले, व त्याच वर्षी मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांजकडे आले. ११ डिसेंबर १९४६ पासून ते घटनासमितीचे अध्यक्ष होते. घटना स्वीकारली गेली त्या २६ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात त्यांनी दोन खंती बोलून दाखविल्या. विधिमंडळाच्या सभासदास काही पात्रतेची अट घालता आली नाही, ही एक. आणि स्वतंत्र भारताची पहिली घटना भारतीय भाषेत रचता आली नाही, ही दुसरी. २४ जानेवारी १९५० रोजी समितीने त्यांस अविरोध राष्ट्रपती निवडले, आणि २६ जानेवारीस दिल्लीत सरन्यायाधीश हरिलाल कानिया यांजसमोर त्यांनी शपथ घेतली. पुढे १९५२ व १९५७ मध्ये निवडणूक होऊन ते त्याच पदावर राहिले. दोन वेळा निवडून येऊन इतका दीर्घ काळ हे पद भूषविणारा दुसरा राष्ट्रपती झालेला नाही.

सोमनाथाच्या प्रसंगास चार महिने झाले तोच याहून कठीण कसोटी आली. हिंदू कायद्याचे संहितीकरण करणारे विधेयक कायदामंत्री डॉ. भीमराव आंबेडकर यांनी चालविले होते. विवाह, घटस्फोट, दत्तक, वारसा ह्या सर्व बाबी त्यात होत्या. राजेंद्रबाबूंचा त्यास विरोध होता. प्रौढ मतदानाने न निवडलेल्या संसदेने समाजाच्या मूळ रचनेस हात घालू नये, निवडणुका होईपर्यंत थांबावे, असे त्यांचे म्हणणे. १५ सप्टेंबर १९५१ च्या पत्रात त्यांनी नेहरूंस कळविले की विधेयक संमत होऊन आपणांपुढे आले तर त्याचा विचार आपण स्वतःच्या बुद्धीने करू. प्रश्न आता विधेयकापुरता राहिला नाही. राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाचा सल्ला मानावा की नाही, हा प्रजासत्ताकाच्या मुळाशी असलेला प्रश्न उभा राहिला. नेहरूंनी महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड आणि घटनापंडित अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचे मत घेतले. दोघांनीही एकच सांगितले: राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेला आहे.

विधेयक त्या वेळी मागे पडले, आणि त्याच सप्टेंबरच्या अखेरीस डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्या मनातील विषाद समजण्यासारखा होता. स्त्रियांस न्याय देणारे इतक्या परिश्रमाचे कार्य डोळ्यांदेखत अडले होते. सार्वत्रिक निवडणुकांनंतर मात्र तेच विधेयक तुकड्यातुकड्यांनी आले. विवाहाचा कायदा १८ मे १९५५ रोजी, वारशाचा १७ जून १९५६ रोजी, पालकत्वाचा त्याच वर्षीच्या ऑगस्टात आणि दत्तक व पोटगीचा डिसेंबरात, असे चारही राष्ट्रपतींच्या स्वाक्षरीने अमलात आले. ज्या हाताने १९५१ मध्ये विरोधाचे पत्र लिहिले त्याच हाताने ह्या स्वाक्षऱ्या केल्या. राजेंद्रबाबूंच्या कारकीर्दीतील सर्वात मोठी घटना कोणती असे विचारल्यास ह्या स्वाक्षऱ्यांकडेच बोट दाखवावे लागेल. मठाच्या परंपरेत वाढलेल्या माणसास हे उमजण्यास कठीण नाही. पीठावर बसणाऱ्याची रुची निराळी असू शकते. पीठाचा आचार ती ठरवीत नाही. अस्पृश्यता पाळणे हा अपराध ठरविणारा आणि देवालयांची दारे सर्वांस खुली करणारा १९५५ चा कायदाही ह्याच राष्ट्रपतींच्या संमतीने झाला.

हे सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. काशीस राष्ट्रपतींनी दोनशे ब्राह्मणांचे पाय जाहीर रीतीने धुतले, तेव्हा डॉ. राममनोहर लोहिया यांनी त्यांजवर कडक टीका केली. जन्मावरून पूज्यता देणारा राष्ट्रप्रमुख समतेच्या घटनेचा रक्षक कसा, असा त्या टीकेचा आशय होता. राजेंद्रबाबूंची नम्रता कोणी नाकारली नाही. पण खाजगी श्रद्धेचा विधी राष्ट्रपतीने चारचौघांत केला म्हणजे तो खाजगी राहत नाही, हा लोहियांचा मुद्दा आजही खोडून काढण्यास सोपा नाही.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या वसलेल्या मराठी कुटुंबांस ह्या कारकीर्दीची आठवण राहते ती १९५६ च्या राज्यपुनर्रचनेमुळे. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल दिला. ३१ ऑगस्ट १९५६ रोजी राष्ट्रपतींनी पुनर्रचनेच्या कायद्यास संमती दिली. आणि १ नोव्हेंबरपासून नकाशा पालटला. त्या एका दिवसात किती दारांच्या पाट्या बदलल्या! हैदराबादचे संस्थान-राज्य मोडले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, पण हैदराबाद शहरात राहणारा मराठी गृहस्थ आंध्र प्रदेशाचा झाला, आणि त्याची औरंगाबादची सासुरवाडी परराज्यात पडली. ग्वाल्हेर आणि इंदूर ह्या मध्यभारताच्या दोन राजधान्यांचा राजधानीपणा सरला, कारभार भोपाळास गेला. राजप्रमुखांचे पद रद्द झाले. बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात घातला गेला. सीमेवरील मराठी जनतेच्या मनातील हे शल्य पुढील पिढ्यांनीही बाळगले. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने ते निघाले नाही, आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. मुंबईसह महाराष्ट्रासाठी झालेल्या लढ्यात शंभरावर माणसे प्राणांस मुकली, तेव्हा कोठे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये निराळी झाली, आणि सयाजीरावांचे बडोदे गुजरातेत राहिले. ह्या विभाजनाच्या कायद्यावर २५ एप्रिल १९६० ह्या तारखेची राष्ट्रपतींची संमती आहे.

तथापि पुनर्रचनेबरोबर झालेल्या सातव्या घटनादुरुस्तीने आणखी एक गोष्ट दिली, तिची आठवण फार थोड्यांस असते. कलम ३५० अ अन्वये अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी असे ठरले, आणि कलम ३५० ब अन्वये भाषिक अल्पसंख्यकांसाठी राष्ट्रपतींनी विशेष अधिकारी नेमावा असे ठरले. हैदराबाद, बेळगाव, इंदूर येथे मराठी शाळा चालविणाऱ्या संस्थांच्या अर्जविनंत्यांचा घटनात्मक आधार तो हाच. अंमलबजावणी नेहमी समाधानकारक झाली असे कोणी म्हणणार नाही. राजभाषेच्या प्रश्नावर राष्ट्रपतींनी १९५५ मध्ये नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षही मराठीच होते, बाळासाहेब खेर. आणि १९५८ मध्ये वयाची शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांस भारतरत्न अर्पण झाले तेही ह्याच काळात.

१९६० च्या २५ जानेवारीच्या रात्री राजेंद्रबाबूंच्या वडील भगिनी भगवतीदेवी राष्ट्रपतिभवनात निवर्तल्या. धाकट्या भावावर त्यांनी मातेप्रमाणे माया केली होती. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताकाचा दशकपूर्तीचा संचलनसोहळा होता. राष्ट्रपती मानवंदना घेण्यास उभे राहिले, आणि परतल्यावर मग बहिणीची उत्तरक्रिया केली.

त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला दिल्लीत भारतीय विधिसंस्थेच्या कोनशिला समारंभात त्यांनी तो जुना प्रश्न पुन्हा काढला. राष्ट्रपतीचे अधिकार इंग्लंडच्या राजाइतकेच मर्यादित आहेत काय, ह्याचा कायदेपंडितांनी अभ्यास करावा, असे त्यांनी सुचविले. वृत्तपत्रांत पुष्कळ चर्चा झाली, नेहरू अस्वस्थ झाले, पण राष्ट्रपतींनी शंकेचे रूपांतर कृतीत कधी केले नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक असल्याचे स्पष्ट लिहिले गेले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो एकवार पुनर्विचारार्थ परत पाठविण्याची मुभा राष्ट्रपतीस मिळाली.

कारकीर्दीच्या अखेरीस गोमंतकाचा प्रश्न सुटला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली, आणि साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. ५ मार्च १९६२ रोजी राष्ट्रपतींनी गोवा, दमण व दीवच्या कारभाराचा वटहुकूम काढला. २७ मार्चला बाराव्या घटनादुरुस्तीस संमती दिली, जिच्यायोगे हा प्रदेश २० डिसेंबर १९६१ पासूनच भारताचा भाग ठरला. सोमनाथाच्या गाभाऱ्यात उभ्या राहिलेल्या राष्ट्रपतींच्या शेवटच्या महत्त्वाच्या स्वाक्षऱ्यांपैकी ही एक.

१३ मे १९६२ रोजी डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी सूत्रे घेतली. राजेंद्रबाबू पाटण्यास आपल्या जुन्या सदाकत आश्रमात राहावयास गेले. त्याच सप्टेंबरात पत्नी राजवंशीदेवी गेल्या, आणि २८ फेब्रुवारी १९६३ रोजी आश्रमातच त्यांचा देह पडला. सोमनाथाचे बांधकाम त्यानंतरही कित्येक वर्षे चालू होते. १ डिसेंबर १९९५ रोजी पूर्ण झालेले मंदिर राष्ट्रास अर्पण करण्यास पुन्हा एक राष्ट्रपती, डॉ. शंकर दयाळ शर्मा, प्रभासपट्टणास आले.