१५ मे १९११ : स्टँडर्ड ऑइलचे विभाजन

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ मे १९११ रोजी मक्तेदारीविरोधी शर्मन कायद्याच्या (१८९०) आधारे जॉन डी. रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचे विभाजन कायम केले. तिच्या ३४ कंपन्या झाल्या. एकेकाळी देशातील सुमारे ९० टक्के तेलशुद्धीकरण तिच्या हाती होते. तिच्या काळात रॉकेल स्वस्तच झाले, मग ग्राहकाचे बिघडले काय, असा आक्षेप घेतला जातो. पण रेल्वेकडून गुपचूप भाडेसवलती मिळवून प्रतिस्पर्ध्यांना जेरीस आणायचे आणि मग त्यांनाच विकत घ्यायचे, या मार्गाने आलेली स्वस्ताई मक्तेदाराच्या मर्जीवरच टिकते. विभाजनानंतर समभाग वधारून रॉकफेलर आणखी श्रीमंत झाले, हेही खरे. मात्र कायद्याची कसोटी मालकाची संपत्ती नसून स्पर्धकाला मिळणारी संधी आहे.