देवाची इच्छा आणि लशीची सुई

ज्या रोगाने एके काळी गावेच्या गावे ओस पडत, त्या रोगाला आपल्या मराठीत नावच मुळी 'देवी' असे आहे. मुलाच्या अंगावर फोड दिसले की घरात देवी आली, असे आपल्या आज्या-पणज्या मानीत. दाराला कडुनिंबाचा डहाळा लावीत, आणि देवी टोचणारा सरकारी माणूस वेशीपाशी दिसला की पोरांना कणगीमागे लपवीत. यावरून कुणाला वाटेल, की देवाधर्माच्या नावाने लशीला विरोध करणे ही फक्त आपल्याकडच्या अडाणी खेडुतांची गोष्ट आहे. पण मंडळी, तसे नाही बरं का! युरोप-अमेरिकेतल्या ख्रिस्ती कुटुंबांत, रोज जेवणाआधी बायबल वाचणाऱ्या सुशिक्षित घरांत, हाच वाद तीनशे वर्षे चालत आला आहे. त्या लोकांचे म्हणणे काय होते, त्यांच्याच धर्मातून त्यांना कोणती उत्तरे मिळाली, आणि या वादाची किंमत अखेर कोणाला मोजावी लागली, हे आज आपण पाहू.

प्रथम अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात जाऊ. साल १७२१. लस अजून निघालेली नव्हती. पण एक जुनी रीत आफ्रिकेत, तुर्कस्तानात आणि आपल्या हिंदुस्थानातही चालू होती. देवी आलेल्या माणसाच्या फोडातला पू घ्यायचा, निरोगी माणसाच्या कातडीला बारीक चीर द्यायची आणि तीत तो पू घालायचा. त्या माणसाला देवी येत, पण बहुधा सौम्य येत, आणि पुढे जन्मभर भय राहत नसे. बॉस्टनचे धर्मोपदेशक कॉटन मॅदर यांना ही रीत त्यांच्या घरच्या ओनेसिमस नावाच्या आफ्रिकी गुलामाने सांगितली होती. त्या वर्षी वसंतात एका जहाजाबरोबर शहरात देवीची साथ आली, तेव्हा मॅदर यांनी डॉक्टरांना विनंती केली, की हा उपाय करून पाहा. एकटे झॅबडिएल बॉइलस्टन पुढे आले. २६ जून १७२१ रोजी त्यांनी आपल्या सहा वर्षांच्या मुलाला आणि घरच्या दोन गुलामांना टोचले. त्या गुलामांपैकी एक तर लहान मूलच होते. त्यांना कुणी विचारले असेल, असे वाटत नाही.

शहर खवळले. पण गंमत बघा. शहरातले प्रमुख धर्मोपदेशक टोचण्याच्या बाजूचे, आणि विलायतेत वैद्यक शिकून आलेले डॉक्टर विल्यम डग्लस विरोधी बाजूचे! म्हणजे धर्म एका बाजूला आणि विज्ञान दुसऱ्या बाजूला, अशी सरळ वाटणी इथे नव्हतीच. विरोधक विचारीत : चांगल्या धडधाकट माणसाला मुद्दाम रोग लावणे, हा मनुष्यहत्या वर्ज्य ठरवणाऱ्या सहाव्या आज्ञेचा भंग नव्हे काय? कोणी केव्हा आजारी पडावे हे देवाने ठरवायचे की डॉक्टराने? टोचलेल्या माणसापासून शेजाऱ्याला रोग लागला, तर ते पाप कोणाच्या माथी? नोव्हेंबर महिन्यात कुणीतरी मॅदर यांच्या घरात खिडकीतून हातगोळा फेकला. सुदैवाने तो फुटला नाही.

साथ ओसरल्यावर बॉइलस्टन यांनी हिशेब मांडला. शहरात सुमारे ६,००० लोकांना देवी आल्या, त्यांतले ८४४ दगावले. म्हणजे सातांत एक. त्यांनी टोचलेल्या सुमारे अडीचशे लोकांपैकी ६ दगावले. म्हणजे चाळिसांत एक. रोगाच्या साथीत असा आकड्यांचा ताळा मांडून युक्तिवाद करण्याचे हे फार जुने उदाहरण आहे.

तरीही विरोधकांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नव्हते, असे म्हणून चालणार नाही. चाळिसांत एक मृत्यू म्हणजे काही थोडा नव्हे. लंडनमध्ये १७२२ साली एडमंड मॅसी नावाच्या पाद्र्यांनी या रीतीविरुद्ध प्रवचन केले. बायबलातल्या ईयोबाच्या अंगावर सैतानाने फोड आणले ती कथा घेऊन त्यांनी सांगितले, की टोचण्याचा धंदा पहिल्यांदा सैतानाने केला. रोग हा देव माणसाची परीक्षा पाहण्यासाठी वा शिक्षेसाठी पाठवतो. तो लावण्याचा अधिकार माणसाचा नाही. याउलट जोनाथन एडवर्ड्स हे अमेरिकेतले थोर धर्मपंडित. प्रिन्स्टनच्या कॉलेजाचे अध्यक्षपद हाती घेताच त्यांनी स्वतः टोचून घेतले, आणि त्यातच मार्च १७५८ मध्ये त्यांचा अंत झाला. बेंजामिन फ्रँकलिन यांचा चार वर्षांचा मुलगा १७३६ साली देवीने गेला. त्याला टोचलेले नव्हते, आणि ती सल फ्रँकलिन यांच्या मनातून अखेरपर्यंत गेली नाही. टोचावे तरी भीती, न टोचावे तरी भीती, असा तो काळ होता.

१७९६ साली इंग्लंडात एडवर्ड जेन्नर यांनी गाईच्या स्तनांवर येणाऱ्या सौम्य देवीचा उपयोग करून दाखवला आणि ती भीती पुष्कळ कमी झाली. ही गोदेवीची लस सहा वर्षांत आपल्या दाराशी आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. हिंदुस्थानातली ही पहिली लस. पण धोका कमी झाला म्हणून आक्षेप संपले, असे मात्र झाले नाही. ते कसे टिकले हे पाहायचे तर नेदरलँड्स, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो, त्या देशात गेले पाहिजे.

या देशात नैर्ऋत्येच्या झीलंड प्रांतापासून ईशान्येकडे ओव्हरआयसेल प्रांतापर्यंत गावांचा एक तिरपा पट्टा आहे. त्याला 'बायबल पट्टा' म्हणतात. कॅल्व्हिनच्या शिकवणीचे कडवे प्रॉटेस्टंट लोक इथे राहतात. रविवारी काम बंद, चर्चला दोन वेळा हजेरी, साधी राहणी. जगात योगायोगाने काहीच घडत नाही, आरोग्य आणि आजार दोन्ही देवाच्या हातून येतात, असे १५६३ सालच्या हायडेलबर्गच्या प्रश्नोत्तरांतून ही मुले लहानपणीच शिकतात. त्यांच्यातली काही कुटुंबे विमासुद्धा उतरवीत नाहीत. उद्याची तजवीज आपणच करून ठेवली, तर देवावर भरवसा तो काय राहिला, असे त्यांचे म्हणणे.

१८२३ साली अब्राहाम कापाडोस या डच डॉक्टरांनी लशीविरुद्ध पुस्तक लिहिले. हे गृहस्थ मूळचे ज्यू, नुकतेच ख्रिस्ती झालेले, आणि पेशाने वैद्य! धडधाकट माणसाला वैद्याची गरज नसते, या अर्थाचे येशूचे एक वचन शुभवर्तमानात आहे. लशीच्या विरोधकांनी त्याचाच आधार घेतला. आजारी पडल्यावर औषध घ्यायला त्यांची ना नव्हती. निरोगी शरीरात आधीच काही घालणे, हे त्यांना खुपत होते.

इथे तुमच्या मनात एक शंका येईल. या देशाचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली. बांध घालूनच तर हे लोक जगतात. १९५३ च्या फेब्रुवारीत झीलंडचे बांध फुटून देशात १,८३६ माणसे बुडाली, आणि त्यानंतर आणखी उंच बांध घातले गेले. मग समुद्राला बांध चालतो, तर रोगाला का नको? त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की बांध शरीराबाहेर असतो, लस शरीरात जाते. पण त्याच चर्चमधल्या दुसऱ्या कुटुंबांना हा भेद पटला नाही. लस हीदेखील देवाचीच देणगी आहे, ती प्रार्थना करून कृतज्ञतेने घ्यावी, असे ती म्हणू लागली. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, हे त्यांच्या ध्यानात होते. एकच बायबल, एकच प्रार्थना, आणि निष्कर्ष मात्र दोन.

याच वादात दुसरा एक धागा मिसळला. १८७० ते १८७३ या काळात देवीच्या साथीने त्या देशात वीस हजारांवर बळी घेतले. त्यातून १८७२ साली कायदा झाला, की लशीचा दाखला असल्याशिवाय मुलाला शाळेत घेऊ नये. अब्राहाम कायपर हे धर्मपंडित आणि पुढे १९०१ मध्ये पंतप्रधान झालेले पुढारी या सक्तीविरुद्ध उभे राहिले. त्यांचा मुद्दा लस वाईट आहे हा नव्हता. माणसाच्या सदसद्विवेकावर आणि शरीरावर सरकारने हुकमत चालवू नये, हा होता. लस घ्यावी का, हा एक प्रश्न. आणि ती घ्यायला भाग पाडावे का, हा दुसरा. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. पुढे लशीनंतर काही मुलांना मेंदूचा दाह झाला, तेव्हा १९२८ साली ती सक्ती स्थगित झाली.

१९५७ पासून पोलिओची लस देशभर देण्यात आली. ती ऐच्छिक होती, तरी बहुतेक सर्वांनी घेतली. बायबल पट्ट्यातल्या अनेकांनी घेतली नाही. १९७१ साली स्टापहॉर्स्ट या गावी पोलिओची साथ आली. ३९ जणांना रोग झाला, ५ दगावले. १९७८ मध्ये पुन्हा साथ. या वेळी ११० रोगी. तीच साथ नात्यागोत्याच्या वाटेने कॅनडातल्या धर्मबंधूंकडे आणि तेथून अमेरिकेतल्या आमिश लोकांत गेली. १९९२ च्या सप्टेंबरात तिसरी साथ. ७१ रोगी, २ मृत्यू. देशात शंभरांतल्या नव्वदाहून अधिक मुलांना लस मिळालेली असताना हे घडले!

असे का व्हावे? डोंगरावर वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढतात, ती आठवा. गवत काढलेल्या पट्ट्यापाशी आग थबकते. लस घेतलेली माणसे ही तशी जाळरेषा असते. लस न घेतलेली घरे देशभर विखुरलेली असती, तर त्यांनाही तिचा आसरा मिळाला असता. पण ही माणसे एकाच गावात राहतात, एकाच चर्चला जातात, मुले एकाच शाळेत बसतात, सोयरिकी आपसांत होतात. वाळलेले गवत एका जागी साठावे तसे ते झाले. आईबापांनी निर्णय श्रद्धेने घेतला होता, यात शंका नाही. पण पाय लुळा पडला तो मुलाचा, आणि त्याला कुणी विचारले नव्हते.

सरकारने साथीनंतरही सक्ती केली नाही. लस घराजवळ आणून दिली, डॉक्टर बोलत राहिले, चर्चमध्ये वाद होत राहिले. पिढीगणिक त्या लोकांतही लस घेणाऱ्यांचे प्रमाण वाढत गेले. मात्र आक्षेप पुरता मावळला नाही. २०१३ मध्ये याच पट्ट्यात गोवराची साथ आली, अडीच हजारांवर रोगी नोंदले गेले आणि एक मृत्यू झाला.

आता एक अगदी वेगळा आक्षेप. तो मुख्यतः कॅथलिक कुटुंबांचा. १९६० नंतरच्या दशकात रुबेला रोगाची लस अमेरिकेत तयार झाली. तिचे विषाणू ज्या मानवी पेशींवर वाढवले, त्या पेशींचा मूळ वाण गर्भपात झालेल्या गर्भापासून घेतलेला होता. गर्भपात त्या दशकातला. पुढे तोच वाण प्रयोगशाळेत वाढवीत आले, नवे गर्भ लागले नाहीत. तरी गर्भपात हे महापाप मानणारी आई विचारते, की या कृत्याचा लाभ मी माझ्या बाळासाठी कसा घेऊ? हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, नीतीचा आहे. त्याची दुसरी बाजूही तितकीच जड आहे. गरोदर बाईला रुबेला झाला तर पोटातले मूल दगावते, किंवा आंधळे, बहिरे जन्मते. १९६४-६५ च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे २०,००० बालके अशी जन्मली. व्हॅटिकनने या प्रश्नाचा विचार करून २००५ साली सांगितले, की दुसरी लस मिळत नसेल तर ही घेण्यास हरकत नाही, पण निर्दोष मार्गाने लस बनवा अशी मागणी करीत राहा. डिसेंबर २०२० मध्ये कोविडच्या लशींविषयीही तसाच निर्वाळा दिला, आणि लस ऐच्छिक असावी हेही सांगितले. महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस दिली गेली, ती अनेक गुरुजींना आठवत असेल. तिच्यातला रुबेलाचा वाण याच घराण्यातला.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, या इतिहासातून घ्यायचे ते हे. 'आमच्या धर्मात बसत नाही' असे एखादा पालक म्हणाला, तर त्या एका वाक्यात निदान चार वेगवेगळी म्हणणी असू शकतात : देवावर भरवसा, इजेची भीती, सरकारचा धाक नको ही भावना, किंवा लशीच्या उगमाविषयीची टोचणी. भरवशाच्या प्रश्नाला आकड्यांनी उत्तर मिळत नाही, आणि भीतीला प्रवचन पुरत नाही. बॉस्टनला आणि हॉलंडलाही ज्यांनी मने वळवली, ते बहुधा त्याच धर्मातले, त्याच बाकावर बसणारे लोक होते. त्यांनी श्रद्धा सोडा असे म्हटले नाही; श्रद्धेचा अर्थ पुन्हा पाहा, असे म्हटले.

देवीचा रोग आता जगात उरलेला नाही. भारतातला शेवटचा रोगी मे १९७५ मधला, आणि १९८० साली सारे जग त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. आपल्या देशातला पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मधला. आज देवळात देवीला हात जोडणारी आई त्याच हातांनी बाळाला उचलून आरोग्य केंद्रात टोचायला नेते, आणि त्यात तिला काही विसंगत वाटत नाही. हॉलंडमधल्या पुष्कळ आयांनीही तोच मार्ग काढला. अजून ज्यांना तो सापडलेला नाही, त्यांच्या ओट्यावर बसून आधी त्यांचे म्हणणे नीट ऐकून घेणे, हे आपले काम आहे.