राणीचा पाळणा आणि साताऱ्याची गादी

पुण्याहून नगरकडे निघालात, की भीमा ओलांडल्यावर कोरेगाव आणि त्यापुढे सणसवाडी लागते. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावची लढाई झाली, त्या वेळी पेशव्यांबरोबर साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह होते. पुढच्याच महिन्यात आष्टीला ते इंग्रजांच्या हाती आले; आणि १८१९ च्या तहाने कंपनीने त्यांना साताऱ्याचे राज्य दिले. त्याच वर्षी लंडनमध्ये व्हिक्टोरियाचा जन्म झाला.

१८३७ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, ती राणी झाली. राज्यकारभाराचे पहिले धडे तिला मुख्य प्रधान लॉर्ड मेलबर्न यांनी दिले. १० फेब्रुवारी १८४० रोजी तिने आल्बर्टशी लग्न केले. आपल्या नात्यात सांगायचे तर हा तिचा सख्खा मामेभाऊ!

इकडे सप्टेंबर १८३९ मध्ये कंपनीने कटाचा आरोप ठेवून प्रतापसिंहांना पदच्युत केले आणि काशीला धाडले. त्यांची दाद मागायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथेच झगडत राहिले. अर्ज केले, सभा घेतल्या. जोसेफ ह्यूमसारख्यांनी पार्लमेंटात त्यांची बाजू मांडली. या काळात राणीच्या घरी आठ वेळा पाळणा हलला. नववे अपत्य १८५७ चे.

मग राणीने न्याय का दिला नाही? तर राणीने प्रधानांच्या सल्ल्याने चालायचे, असा तिथला रिवाज. आणि हिंदुस्थानचा कारभार कंपनीच्या डायरेक्टरांकडे व सरकारी बोर्डाकडे. मुकुट एकाच्या डोक्यावर, लेखणी दुसऱ्याच्या हाती!

१८४७ त प्रतापसिंह काशीस वारले. त्यांच्या जागी बसविलेले भाऊ शहाजीही १८४८ त गेले. दोघांनीही दत्तक घेतले होते. पण डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. राणीच्या गादीला वारसांची वाण नव्हती. साताऱ्याच्या गादीचा वारस मात्र कागदावर पुसला गेला.

१८५७ त रंगो बापूजींचा मुलगा सीताराम फासावर गेला. १८५८ त कंपनीचे राज्य संपले. १८६२ त संस्थानिकांना दत्तकाच्या सनदाही मिळाल्या. सातारा मात्र परत मिळाला नाही.